एक्केचाळीस, तीन, शून्य

दांडिया बाजारात, चष्म्याच्या दुकानावरचा जिना चढून
कुमुदबेन चिटणीस आल्या तेव्हा वीज गेलेली होती.
बेन म्हणते ती गल्ली; आमच्या घरी त्या कुमुदवहिनीच.
लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला.
"निशिकांत, तिघांकडून तपासला, तीन उत्तरं.
पुतण्यानं टाकून दिलेला म्हणतो एक्केचाळीस.
बँकेतल्या पोरानं सुचवलेला म्हणतो तीन.
मशीनबरोबर आलेला म्हणतो काही नाही, सुखात राहा.
यातला खोटारडा कोण, तेवढं सांग."

खोटारडा कुणीच नाही, वहिनी.
तुमच्याकडे चाळण्या किती?
"मैद्याची, रव्याची, आणि एक फाटकी."
मग? पीठ एकच, वर उरतं ते वेगळं.
"ते खरं. पण अळी ती अळीच ना?"

इथे मला पाणी प्यावं लागलं.

अळी कशाला म्हणायचं
ते इथे ज्याचं तो ठरवतो.
एक्केचाळीसातल्या अडतीस नुसत्या चिठ्ठ्या आहेत,
तुम्ही साड्या बघत हिंडलात
तेव्हा दुकानांनी पदराला अडकवलेल्या.
एकानं त्या मोजल्या,
बाकीच्यांना त्यात गुन्हा दिसला नाही.
उरले तीन. पण हे तीन
म्हणजे दुसऱ्याचे तीन नव्हेत. दोघांत सामाईक एकच,
तोही दोन चौक्यांत दोन नावांनी नोंदलेला.
आणंदच्या लग्नाचे फोटो आले ना, त्या गाठोड्यात
दोन बसलेत दडून. गाठोडं सोडून बघितलं
ते फक्त बँकवाल्यानं.
पुतण्याच्यानं वरचं लेबल वाचलं आणि जाऊ दिलं.
"आणि तो शून्यवाला?"
त्याची यादी दिवाळीनंतर ताजी झालेली नाही.
जो दिवाळीनंतर जन्मला
त्याला तो पाहुणा समजून पाट मांडतो.

मग पुतण्याच्या तीनांतला एक ते फुकट पंचांग.
ते काढू या.
आणि एक हे. दूध डॉट ईएक्सई.

वहिनी खिडकीकडे बघत राहिल्या.
खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं,
ती लागत नव्हती.
"यांनी लिहिलंय ते. रिटायर झाल्यावर.
रंगाच्या कारखान्यात जन्म गेला,
आणि साठाव्या वर्षी पुस्तक आणून बसले.
काय केलंय त्यानं?"
केलं काही नाही.
रोज सकाळी सहाला आपण होऊन उठतं,
एक फाइल उघडतं, काहीतरी लिहितं, मिटतं.
कंपनीचं नाव नाही, सही नाही,
अख्ख्या जगात प्रत एकच.
ज्याला कुणी ओळखत नाही
त्याच्या चालण्यावरूनच संशय घेतात.
"अरे, ओळख मी देते ना."

पडद्यावर चौकट आली: या फाइलवर विश्वास ठेवायचा?
मी म्हणालो, शपथेवर मीही सांगणार नाही.
शून्य म्हणजे सापडलं नाही, एवढंच.
नाहीच, असं नव्हे.
"बेचाळीस वर्षांत
मला तरी ते पुरते कुठे सापडले?"
आणि होकार त्यांनीच दाबला,
मला माऊसला हातही लावू न देता.

चालतंय का बघायला उघडलं.
काळा पडदा, रोमन अक्षरांतलं मराठी:
आज किती पिशव्या?
वहिनींनी एक टाकला.
क्षणभर काही नाही. मग,
एकच? भांडण झालं का?

मी पंख्याच्या बटणाशी उगाच काहीतरी करत राहिलो.
"चार वर्षं झाली," त्या म्हणाल्या,
"रोज विचारतंय."
नाही, असं टाइप केलं,
हिशोब जतन झाला,
लॅपटॉप परत अभ्र्यात गेला.

अडीचशे सांगितले. दोनशे दिले.
चिठ्ठ्यांचे पैसे धरायचे नाहीत म्हणाल्या,
त्या कुणी मोजायला सांगितल्या होत्या?